२००३ ची बाटली आणि वऱ्हाडचं ऊन

अमरावतीत राहून वाइनवर लिहायचं म्हणजे थोडं जपूनच. एका अंगाला मोझरी, दुसऱ्या अंगाला शेंडगाव. तुकडोजी महाराज आणि गाडगेबाबा दोघांनीही दारूवर जन्मभर कोरडे ओढले, आणि ज्यांनी गावातली घरं दारूपायी बसलेली पाहिली आहेत त्यांना ते का ओढले हे सांगावं लागत नाही. म्हणून हे पिण्याचं कौतुक समजू नका. आमची संत्र्याची बाग मोर्शी तालुक्यात, आजोळ अकोल्याचं, आणि आईचे वडील तिथे कापसाचे अडते. शेतीचा माल पिकवणं आणि विकणं या दोन्ही गोष्टी घरात रोज बोलल्या जायच्या. पुतण्या तुलूझला विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याच्याकडे गेलो असताना त्याने मला बोर्डोच्या उत्तरेला मेदॉकमध्ये फिरवलं, आणि शातो कॉस देस्तूर्नेल या जुन्या द्राक्षमळ्याची २००३ सालची लाल वाइन पुढे घरापर्यंत आली. तेव्हापासून जे कळत गेलं ते असं.

१. बोर्डो आपल्या बागेत केव्हाच येऊन बसलं आहे.

वऱ्हाडातल्या संत्रेवाल्याला वाइन ठाऊक नसेल, पण बोर्डो ठाऊक आहे. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा झाडाच्या बुंध्याला निळसर पांढरा बोर्डो मलम लावायचा, नाहीतर डिंक्या झाड खातो. फवारणीसाठी एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी. मिश्रण जमलं की नाही ते पाहायला त्यात लोखंडी विळा बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घाला. हे आम्ही पोरवयापासून करत आलो. हे औषध सापडलं ते मेदॉकमध्येच. रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षं येणारे-जाणारे तोडून खात, म्हणून तिथले मळेवाले त्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. विषारी दिसावं, एवढाच हेतू. १८८२ च्या सुमारास मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की केवडा या रोगाने बाकीचा मळा झडला तरी रस्त्याकडेच्या वेली हिरव्याच आहेत. १८८५ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. हे त्याने पाहिलं ते सेंत-ज्युलियन गावात, कॉसपासून काही मैलांवर. मळ्यातल्या बाई वाटाड्या म्हणून बरोबर होत्या, त्यांना मी पुतण्याकरवी विळ्याची खूण सांगितली. त्यांनी ती वहीत लिहून घेतली.

खुंटाचंही तसंच. १८६० नंतर फिलॉक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीने फ्रान्सचे मळे उजाड केले, आणि शेवटी अमेरिकी वेलीच्या खुंटावर आपल्या जातीचं कलम बांधून त्यांनी ते वाचवले. शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात, त्यात आणि यात तत्त्वाचा फरक काहीच नाही.

२. मोठ्या नावाखाली साधी टेकडी असते.

कॉसचे फोटो पाहिले तर राजवाडा वाटतो. पॅगोड्यासारखे मनोरे, दगडी हत्ती, झांझिबारच्या सुलतानाच्या वाड्यातला म्हणतात तो कोरीव लाकडी दरवाजा. पण तिथे कधी कोणी राहत नव्हतं. ते वाइनचं कोठार. खरी इस्टेट बाहेर आहे, गोट्यांच्या टेकाडावर. ओढ्यापलीकडे शातो लाफीत, म्हणजे जगातल्या सर्वांत महागड्या वाइनींपैकी एकीचा मळा, आणि अलीकडे हा उंचवटा. मी खाली वाकून मूठभर जमीन उचलली. गारगोट्या, वाळू, नि त्याखाली चिकणमाती. आमच्याकडच्या शेतकऱ्याला ती फुकट दिली तर तो म्हणेल, इथं तूर तरी येईल का?

वेली कंबरेएवढ्या. एका हेक्टरात आठ-दहा हजार. आम्ही संत्रा सहा बाय सहा मीटरवर लावतो, हेक्टरी २७७ झाडं. तिथे वेलींना मुद्दाम दाटीवाटीने वाढवतात. पाण्यासाठी, अन्नासाठी झगडू देतात, म्हणजे फळ थोडं येतं पण दाट येतं. झाडाला ताण दिल्याशिवाय बहार फुटत नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

३. न खपलेला माल विकण्याची अक्कल वेगळीच.

लुई-गास्पार देस्तूर्नेल हा या मळ्याचा मूळ पुरुष. जन्म १७६२ चा. १८११ मध्ये वारशाने जमीन आली, त्याने वाढवत नेली, आणि आपली वाइन बोर्डोच्या दलालांच्या हाती न देता थेट गिऱ्हाइकांना, पार हिंदुस्थानापर्यंत, विकायला काढली. सुएझचा कालवा व्हायचा होता, गलबतं आफ्रिकेला वळसा घालून येत. सांगतात की इथे न खपलेल्या काही बाटल्या परत गेल्या, त्यांची चव प्रवासात सुधारलेली निघाली, आणि मग त्याने त्यांच्यावर ‘हिंदुस्थानातून परत’ अशी खूण करून त्या जास्त भावाने विकल्या. कॉस ज्या गावात आहे त्या सेंत-एस्तेफचा महाराजा असं लोक त्याला म्हणू लागले आणि त्याने कोठारावर पौर्वात्य धाटणीचे मनोरे चढवले.

प्रवासाने चव सुधारली का? मला शंका आहे. जाता-येता चारदा विषुववृत्त ओलांडून आलेली लाल वाइन सुधारण्यापेक्षा बिघडण्याचा संभव अधिक. पण परत आलेल्या मालावर वरचा भाव लावणारा व्यापारी म्हणून हा माणूस अकोल्याच्या कापूस बाजारातही शोभला असता. हौस मात्र अंगाशी आली. १८५२ मध्ये कर्जापायी इस्टेट लंडनच्या एका बँकरला विकावी लागली. मरेपर्यंत इस्टेटीवर राहू द्यावं एवढी अट घातली, आणि १८५३ मध्ये तो गेला. त्याच १८५३ मध्ये निजामाच्या कर्जापायी आमचं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. दोन्हीकडे कर्जच.

४. साल म्हणजे हवामानाची नोंदवही.

बाटलीवर २००३ का लिहितात, हे मला या एका वाइनने शिकवलं. त्या वर्षीच्या ऑगस्टात युरोपात उष्णतेची लाट आली. फ्रान्समध्ये पारा चाळिशीच्या आसपास गेला आणि सुमारे १५ हजार माणसं दगावली, बहुतेक म्हातारी, एकेकटी राहणारी. अकोल्यात हे सांगितलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली: “चाळीस? ते तं आमच्याइथं मार्चातच होते!” खरं आहे. पण आमच्या घरांना जाड भिंती, कूलर, वाळ्याच्या टट्ट्या, दुपारी बाहेर न पडण्याची पिढ्यांची सवय. त्यांच्या घरांना, माणसांना आणि वेलींना यातलं काहीच नव्हतं.

वेलीचं काय होतं ते ऐकण्यासारखं आहे. ऊन फार झालं की पान आपली रंध्रं मिटून घेतं आणि फळाचं पकणं अडतं. पाणी उडतं म्हणून साखर चढते, आंबटपणा मात्र झपाट्याने उतरतो. आंबटपणा गेला की वाइन बोथट होते, टिकतही नाही. एरवी तिथले लोक घडांना ऊन लागावं म्हणून पानं काढतात. २००३ मध्ये ज्यांनी सवयीने पानं काढली त्यांचे घड भाजून निघाले. तोड दोन-तीन आठवडे अलीकडे आली.

नुसत्या गोट्यांच्या जमिनीतले मळे त्या वर्षी तहानेने गळाले. सेंत-एस्तेफ तरलं. एरवी या गावाच्या वाइनला जरा राकट, जड म्हणून नाकं मुरडतात, कारण गोट्यांखाली चिकणमाती अधिक आणि ती ओल धरून ठेवते. नेमकी तीच चिकणमाती २००३ मध्ये कामी आली. चांगल्या सालात जी जमीन मागे पडते ती वाईट सालात पुढे निघते, हे काळ्या मातीवर पोट असणाऱ्या माणसाला किती लागू पडतं! अतिवृष्टीच्या वर्षी आमची भारी काळी रानं चिबडतात, संत्र्याची मुळं सडतात, आणि हलक्या मुरमाड रानातला शेतकरी हसतो. पावसाने दगा दिलेल्या वर्षी तोच आमच्याकडे बघत बसतो. पण हा हिशेब आम्ही फक्त पारावर बोलतो. त्यांनी तो बाटलीवर छापला.

५. दर्जा ठरवला तो दलालांनी, आणि तो टिकवला मालकांनी.

१८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनला बोर्डोच्या वाइनींची यादी हवी होती. ती कोणी केली? विद्वानांनी नव्हे, दलालांनी. चव घेऊन नव्हे, वर्षानुवर्षांचे बाजारभाव बघून. जिचा भाव वरचा ती पहिल्या श्रेणीत. अशा पाच श्रेणी. कॉस दुसऱ्या श्रेणीत बसली. ती यादी आजही चालते. शातो मुतोंला १९७३ मध्ये दुसऱ्यातून पहिल्यात चढवलं, हा तिच्यातला एकमेव गाजलेला बदल.

हे ऐकल्यावर मला अकोल्याचे आजोबा आठवले. कापूस हातात घेऊन दोन्ही अंगठ्यांनी पेळू ताणायचा, धाग्याची लांबी बघायची, ओलावा बघायचा, आणि तोंडातून एक भाव काढायचा. तो भाव हीच श्रेणी.

याच काळात, म्हणजे १८५० आणि ६० च्या दशकांत, लिव्हरपूलच्या कापूस बाजारात अमरावतीच्या नावाने भाव बोलला जात होता. इंग्रज ते आपल्या जिभेने ‘उमरावती’ म्हणत, पुढे नुसतं ‘ऊमरा’. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ मध्ये पेटलं, तिकडचा कापूस थांबला, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचं मोल आलं. कॉसला मिळालं तसं जगाच्या बाजारात आपल्या गावालाही नाव मिळालं होतं, आणि तेही त्याच पिढीत.

ते नाव आम्ही राखलं नाही. लांब धाग्याची बनी मागे पडली आणि आखूड धाग्याची, पण जास्त उतारा देणारी जरी पुढे आली. शेतकऱ्याला दोष देता येत नाही, कारण बाजार वजनाला पैसे देत होता, धाग्याला नव्हे. शिवाय खानदेशचा, मध्य प्रांताचा कापूसही ‘ऊमरा’ या एकाच नावाखाली जाऊ लागला. ज्या नावाखाली कोणताही माल खपतो त्या नावाला कोण जास्त पैसे देईल? कॉसच्या मालकांची नावं मात्र दीडशे वर्षांत कितीदा बदलली: इंग्रज, मग इतर काही, १९१७ पासून बोर्डोचे व्यापारी जिनेस्ते आणि त्यांचे नातू प्रा, २००० पासून मिशेल रेबिए. बाटलीवरचं नाव मात्र त्यांनी सैल होऊ दिलं नाही. दरवर्षी जो माल कमी प्रतीचा निघेल तो ‘पॅगोद द कॉस’ या दुसऱ्या नावाने विकतात, पहिल्या नावात मिसळत नाहीत. मला वाटतं, सगळं गुपित या एका शिस्तीत आहे. हत्ती-मनोरे नंतरची गोष्ट.

६. अकोल्याच्या मे महिन्यात बाटली ठेवायची कुठे?

हे व्यवहाराचं. पुस्तकात लिहितात, लाल वाइन घरातल्या तापमानाला प्यावी. घर त्यांचं, १६ ते १८ अंशांचं. आमचं घर मेमध्ये रात्रीही तिशीच्या खाली येत नाही. तिशीच्या वर बाटली महिनोन्‌महिने राहिली की आतली वाइन फुगते, बूच वर सरकतं, आणि चव शिजवल्यासारखी होते. म्हणून दुकानात विकत घेताना आधी मान बघा: बूच काचेच्या कडेपेक्षा वर आलेलं असेल, वेष्टनाखाली चिकट ओघळ असेल, तर बाटली परत ठेवा. एका दुकानात मला काचेच्या दर्शनी कपाटात, पश्चिमेच्या उन्हात उभी ठेवलेली महागडी बाटली दाखवली. मी ती सवलतीतही घेतली नाही.

घरी फ्रिजच्या तळाच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवली तर काही महिने निभतं. वर्षानुवर्षं ठेवायची असेल तर वऱ्हाडात ठेवूच नये. वाडवडिलांनी धान्यासाठी पेवं खणली होती, जमिनीखाली थंड. ती बुजवून आम्ही त्यांवर स्लॅब टाकले.

वाटेचीही काळजी. विमानाने येताना दोन लिटरपर्यंत सूट असते. पण नागपूरहून अमरावतीला हमरस्त्याने यायचं तर कारंजा घाडगे, तळेगाव, म्हणजे वर्धा जिल्हा मध्ये येतो आणि तिथे दारूबंदी. उत्पादन शुल्क खात्याचा परवाना खिशात असला तरी ती कटकट नको म्हणून आम्ही काटोल, वरूड, मोर्शी असे आलो. रस्ता थोडा लांब, पण दोन्ही बाजूंना बागा.

७. तिखटाशी तिचं जमत नाही.

ठेचा, पाटोडीचा रस्सा, सावजी धाटणीचं मटण यांच्याबरोबर अशी वाइन उघडणं म्हणजे पैसे पाण्यात. मिरचीची आग मद्याने आणखी भडकते आणि वाइनमधला तुरटपणा कडू लागतो. तूप, चरबी, धूर यांच्याशी मात्र तिची मैत्री. पुतण्याने बाटली उघडली ती डिसेंबरात, जेव्हा अमरावतीची हवा फ्रेंच घरासारखी होते. जेवायला चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, मिरची अगदी बेताची, आणि मिऱ्याचं साधं मटण. रोडगे आणि वांग्याची भाजी तुपासकट उत्तम जमली असती, पण रोडग्यांची पंगत देवाच्या नावाची, तिथे बाटली काढणार कोण?

आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवली होती, गाळ तळाला बसावा म्हणून. वीस वर्षांचं बूच अर्ध्यात तुटलं. उरलेलं पुतण्याने हळूहळू फिरवत वर काढलं. मग मोबाइलची बत्ती बाटलीच्या मानेखाली धरून वाइन काचेच्या भांड्यात ओतत गेला, आणि मानेशी काळपट रेघ दिसताच थांबला. कडेला विटकरी झाक, मध्ये गडद. वास सुकवलेल्या अंजिराचा, तंबाखूचा, थोडा ओल्या मातीचा. ऊन चवीत कळत होतं: फळ पिकलेलं, दाट, पण बोथट नव्हे. काबर्ने सोव्हिन्यों या जाड सालीच्या द्राक्षाचा जोर जास्त, जोडीला मर्लो.

८. ज्याची त्याची जीभ.

आमच्या थोरल्या मामाजींनी दोन घोट घेतले आणि म्हणाले, “कच्च्या जांभळावानी तोंड आवयते बाप्पा. अन् याले दोनशे युरो?” मी वाद घातला नाही. २००३ च्याच सालाच्या शातो पावी या दुसऱ्या वाइनवरून अमेरिकेचे रॉबर्ट पार्कर आणि लंडनच्या जॅन्सिस रॉबिन्सन यांच्यासारखे दोन दिग्गज परीक्षक जाहीरपणे भांडले. पार्करने डोक्यावर घेतली, रॉबिन्सनबाईंनी वीसपैकी बारा गुण दिले. मग मामाजींनी काय घोडं मारलं?

९. नाशिकला नुसतं पाहू नका, तिथून शिका.

वाइनचं काम महाराष्ट्रात नाशिक-दिंडोरीत, आणि सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडे होतं. तिथे थंडी वेलीला झोपवण्याइतकी नसते, म्हणून वर्षातून दोनदा छाटतात: एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, आणि तोड जानेवारी ते मार्च. फ्रान्समध्ये छाटणी हिवाळ्यात एकदाच आणि तोड सप्टेंबरात. इथला वाइनवाला उन्हाळा चुकवतो, तिथला आजवर उन्हाळ्याची वाट पाहत असे. पण आता त्यांचे उन्हाळेही २००३ च्या दिशेने चालले आहेत. आमच्या वऱ्हाडात कोणी वाइनचा मळा लावावा असं मला वाटत नाही. पूर्णाकाठी खारपाण, वरूड-मोर्शीत भूजल खोल गेलेलं. आहे तो संत्रा जगवला तरी पुष्कळ.

१०. गाव, बहार, वर्ष.

संत्र्याचे आमच्याकडे दोन हंगाम. आंबिया बहाराचा फुलोरा जानेवारी-फेब्रुवारीत, फळ दिवाळीच्या मागेपुढे. मृग बहाराचा जून-जुलैत, फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये. दोघांची साल, रस, गोडी वेगळी, आणि मृग लांबला तर त्या वर्षीचं फळ आणखी वेगळं. शेतकरी हे डोळे मिटून ओळखतो. तरी सौदा झाडावरच उक्ता होतो, व्यापारी ट्रक भरतो आणि माल दिल्ली, कोलकाता, बांगलादेशकडे जातो तो ‘नागपुरी’ म्हणून, जरी त्यातला मोठा वाटा अमरावती जिल्ह्यात पिकलेला असतो. बांगलादेशाने आयात शुल्क चढवलं की इथे भाव कोसळतो, कारण आमच्या मालाला दुसरं कुठलं नावच नाही.

यंदाच्या आंबियापासून आमच्या बागेच्या पेट्यांवर गाव, बहार आणि वर्ष छापायचं ठरवलं आहे. छपाईचा खर्च पेटीमागे नगण्य. शेजारच्या काही बागवाल्यांनीही होकार दिला आहे. व्यापारी अजून हसतो आहे. तुम्ही पुण्या-मुंबईत संत्री घेत असाल तर विक्रेत्याला एवढंच विचारा: कुठल्या गावची, कुठल्या बहाराची? उत्तर मिळालं नाही तरी विचारा. गिऱ्हाइकाने विचारायला लागल्याशिवाय बाजारात कोणी काही लिहीत नाही.